कडूबाईनं वाटलेले डबे

कडूबाईच्या आधी तिच्या आईची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसरं तरी जगावं, कुणाची दृष्ट लागू नये, म्हणून आईनं नाव ठेवलं कडूबाई. पैठणजवळच्या खेड्यात ती वाढली, शेजारच्याच गावातल्या सांडूशी लग्न झालं आणि वीस-बावीस वर्षं लोकांच्या रानात खुरपण्या-वेचण्या करण्यात गेली. २०१२च्या पावसाळ्यानं दगा दिला. दिवाळीतच विहिरींचे तळ दिसायला लागले आणि रानात हाताला कामच उरलं नाही. सांडूला वाळूजच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून काम मिळालं, तेव्हा दोघं औरंगाबादला आली.

शहर तेव्हा चहूबाजूंनी पसरत होतं. माणसं वाढली तसा कचराही वाढला आणि कचऱ्याच्या हातगाड्यांवर बायका कामाला लागू लागल्या. कडूबाईच्या वाट्याला उस्मानपुऱ्यातल्या दोन गल्ल्या आल्या, बासष्ट घरं. सकाळी दारोदार फिरून पिशव्या घ्यायच्या आणि कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत बसून ओलं-सुकं निवडायचं. महिन्याभरात ती नुसत्या पिशवीवरून घर ओळखायला लागली. कुणाकडं पाहुणे उतरलेत, कुणाचं लेकरू आजारी आहे, सगळं तिला पिशवी सांगायची.

एप्रिलमधली गोष्ट. निवडताना तिनं एका पिशवीत हात घातला. भाजीची सालं, चहाचा चोथा, आणि बोटाला काहीतरी गार लागलं. दुखलं नाही. हात बाहेर काढला तेव्हा मधलं बोट लालेलाल झालं होतं. चोथ्यात मिसळलेलं दाढीचं ब्लेड पेराच्या आतपर्यंत गेलं होतं.

"अगं बया, पाणी आणा कुणीतरी!" सोबतची सत्यभामा ओरडली.

पण पाणी कुठलं? नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं, आणि तो तिसरा दिवस होता. दोन घरांनी खिडकीतूनच मान हलवली. समोरच्या घरातल्या कालिंदीकाकू मात्र माठातलं पाणी घागरीत ओतून धावत आल्या.

"काकू, प्यायचं हाय ते. ऱ्हाऊ द्या," कडूबाई म्हणाली.

"हात पुढं धर आधी."

सगळी घागर त्या हातावर रिकामी झाली. तेव्हा काकूंचं लक्ष फाटलेल्या पिशवीकडं गेलं. हिरव्या सुतळीनं त्यांनीच बांधलेली पिशवी होती ती. त्यांचा चेहरा उतरला. कडूबाईनं ते पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली. पिशवी कुणाची हे तिला गाडीतून उचलतानाच ठाऊक होतं.

घाटीच्या सरकारी दवाखान्यात सहा टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. बोट वाचलं, पण पुरतं वळायचं राहिलं. डॉक्टर म्हणाले, आतली नस कापली गेली होती.

सांडू म्हणाला, "सोड ते काम. दुसरं कायतरी बघू."

"मी सोडलं तर माझ्या जागी दुसरी येईल. तिला हात नाय का?"



कामावर परतल्यावर सत्यभामेनं हातमोजे आणून दिले. ते दोन दिवसांत फाटले, आणि असंही ब्लेडला मोज्याचं काय? कडूबाई निवडता निवडता विचार करायची. ब्लेड पिशवीत आलं की खेळ संपला. ते घरातच अडवायला पाहिजे. पण कसं? बुद्धपौर्णिमेला ती विहारात गेली, वंदना झाली, दानपेटीत नाणं टाकायला वाकली आणि तशीच थबकली. आत जाण्यापुरती एक फट, बाहेर यायला वाट नाही. मागच्या बाया "सरका की पुढं" म्हणेपर्यंत ती त्या फटीकडं बघत उभी होती.

दुसऱ्या दिवसापासून सुक्या कचऱ्यातले पावडरचे रिकामे पत्र्याचे डबे तिनं बाजूला काढायला सुरुवात केली. सांडूच्या छिन्नीनं वरच्या अंगाला ब्लेड जाईल एवढीच फट पाडायची, फटीच्या कडा हातोडीनं ठोकून बसवायच्या, झाकण निघालंच तर चिकटपट्टी. पहिले चार डबे वाकडेतिकडे झाले. पाचवा साधला.

तो पाचवा डबा घेऊन ती कालिंदीकाकूंच्याच दारात गेली. दार उघडलं त्यांच्या यजमानांनी. व्यंकटराव महसूल खात्यातून निवृत्त झालेले, शब्दाला पक्के आणि मताला त्याहून पक्के.

"हे कशाला? आम्ही ब्लेड कागदात गुंडाळूनच टाकतो. चाळीस वर्षं टाकतोय."

"मग आज बी गुंडाळा काका. माझ्यासमोर."

त्यांनी वर्तमानपत्राच्या दोन घड्या घालून ब्लेड व्यवस्थित गुंडाळलं. कडूबाईनं ती पुडी कालच्या ओल्या पिशवीत टाकली, गाठ मारली आणि पायरीवर ठेवली. "फुडली घरं करून येते," म्हणून ती निघून गेली.

पाऊण तासानं परतली, पिशवीवर गाडीतली दुसरी पिशवी ठेवली आणि तळहातानं जरा दाबली, गाडीत दबते तशी. वरची उचलली. चहाच्या पाण्यानं कागदाचा लगदा झाला होता आणि ब्लेडचा कोपरा प्लॅस्टिक चिरून बाहेर डोकावत होता. व्यंकटराव बघायला वाकले, त्यांचा हात पिशवीकडं गेला.

"काका, हात नका लावू!"

तिचा आवाज एवढा चढला की स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या. कडूबाईनं चिमट्यानं ब्लेड उचलून डब्याच्या फटीत सोडलं. टिक्कन वाजलं.

व्यंकटरावांनी विचारलं, "तुला लागलं होतं, ते..."

"आपल्याच घरचं होतं," काकू हळूच म्हणाल्या.

"कुणाच्या बी घरचं असू दे, काका," कडूबाई म्हणाली, "तुमी काय मुद्दाम टाकलं नव्हतं. कागद भिजतो, हे कुनाच्या ध्यानात ऱ्हाईल?"

त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. चार दिवसांनी स्वतःहून म्हणाले, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावू, माझं अक्षर चांगलं आहे. कडूबाईनं चिठ्ठ्या बघितल्या. "अक्षर झ्याक हाय काका. पन मला नाय वाचता येत, सत्यभामेला बी नाय. ब्लेडचं चित्र काढा, लाल रंगानं." मग व्यंकटरावांनी साठ चित्रं काढली. पहिली दहा बिस्किटासारखी दिसत होती.

तिचं सांगणं थोडकंच असायचं. डबा आरशाजवळ ठेवा, लेकरांचा हात पोचणार नाही असा. ब्लेड काढलं की थेट आत. डबा भरला की फटीवरून चिकटपट्टीचे चार वेढे द्या, आणि पिशवीत टाकू नका, माझ्या हातात द्या. कुणी म्हणालं, आम्ही संडासात टाकून पाणी सोडतो, तर ती विचारायची, "गटारात उतरतंय त्याचा पाय कुठं जाईल?" बंद डबे ती गाडीला अडकवलेल्या वेगळ्या गोणीत ठेवायची आणि सुका कचरा जमा होतो त्या गोदामात लोखंडाच्या ढिगाशी स्वतः नेऊन द्यायची.

मुकादम बद्रीनाथला हे पटेना. "तुला कचरा उचलायला ठेवलंय. शाळा घ्यायला नाय."

"माझी गाडी कवा उशिरा आली का, मुकादम?"

उशिरा येत नव्हती, कारण ती अर्धा तास आधी निघत होती.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका घरानं डब्यात खिळे भरले, एकानं तो कुंडीखाली टेकू म्हणून लावला. पाच-सहा घरांनी तो घेतलाच नाही. त्या घरांच्या पिशव्या कडूबाई त्यांच्याच दारात, त्यांच्यासमोर चिमट्यानं उघडायची. भांडायची नाही, ओरडायची नाही, नुसती उघडायची. वर्षभरात त्यातल्याही दोघांनी डबा मागून घेतला. नंतरची पाच वर्षं तिच्या दोन गल्ल्यांच्या कचऱ्यात निवडणाऱ्या बाईचा हात ब्लेडनं कापला नाही. बाकीच्या गल्ल्यांतल्या बाया डबा कसा करायचा ते शिकायला तिच्याकडं यायच्या आणि ती छिन्नी त्यांच्याच हातात द्यायची.

२०१९चा उन्हाळा पुन्हा कोरडा गेला. टँकरच्या भोवती गर्दी उसळायची. त्याच दिवसांत एका सकाळी व्यंकटरावांची मुलगी मृण्मयी दारात उभी होती. वडिलांची तब्येत बिघडली म्हणून ती पुण्याहून आली होती.

"मावशी, बाबांना इन्सुलिन सुरू झालंय. या सुया ब्लेडच्या डब्यातच टाकू का?"

आता सगळी गल्ली कडूबाईला विचारूनच असली कामं करायची. 'टाका' म्हणणं सोपं होतं. पण ती म्हणाली, "मला म्हाईत नाय, ताई. इचारून सांगते. तवर एकाच जागी जपून ठेवा."

काम उरकून ती घाटीत गेली. दोन रांगांमधून तिला चुकीच्या खिडकीकडं धाडलं. शेवटी एका वयस्कर नर्सबाईनं तिला बाकावर बसवून नीट समजावलं. सुया वेगळ्याच ठेवायच्या, जाड प्लॅस्टिकच्या फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत. काठोकाठ भरायची नाही. आणि घरच्या कचऱ्यात अजिबात नाही, दवाखान्यातच आणून द्यायची. कडूबाईनं ते सगळं नर्सबाईला परत म्हणून दाखवलं, काही सुटलं नाही ना म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मृण्मयीला शब्दन् शब्द सांगितला. मृण्मयी आत जाऊन एक रिकामी पाण्याची बाटली घेऊन आली. कडूबाईनं ती अंगठ्यानं दाबून बघितली. बाटली कडकन आत गेली.

"ही नाय चालायची, ताई. लई पातळ हाय. फरशी पुसायच्या औषधाची बघा, जाड असती ती. मी थांबते."

मृण्मयी पुन्हा आत गेली, आणि गाडीच्या दांड्यावर हात ठेवून कडूबाई दारात थांबली.