दीपगृहातल्या बापाचा आवाज

धावणारं भूत हे भूतच नव्हे, असं माझ्या भावोजींचं ठाम मत. "ज्याला मरायचंच नाही त्याला घाई कसली?" ते विचारायचे. भुतानं सावकाश चालावं आणि धापा माणसांनी टाकाव्यात. मारामारीच्या पिक्चरचं मात्र उलट. तिथं हिरो दमलाच पाहिजे. पंधरा जणांना लोळवून ज्याच्या शर्टाची इस्त्री मोडत नाही त्याला ते 'दुकानातला पुतळा' म्हणत. खलनायकाला एकदा तरी पोटभर जेवताना दाखवायला हवं, हेही त्यांचंच. जो नीट जेवत नाही त्याची भीती कसली बाळगायची?

ही मतं त्यांना कुणी विचारलेली नसत. पावाच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, माझ्या नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला चर्चच्या दारात, कुठंही ती ऐकावी लागत. माणूस वाईट नव्हता. तोंड बंद होत नसे, एवढंच.

भावोजींचं नाव इस्क्रेन. माझ्या थोरल्या बहिणीचे, रुमेनाचे, यजमान. डॅन्यूब नदीवरच्या लोम बंदरात क्रेन चालवायचे. कम्युनिस्ट राजवट गेली त्या सुमाराला बंदर कामगारांच्या सभागृहात व्हिडिओ हॉल निघाला. आदल्या वर्षापर्यंत जिथं भाषणं होत, तिथं एक टीव्ही, एक व्हिडिओ आणि कुरकुरणाऱ्या खुर्च्या. दारात तिकिटं फाडायला मी होते. कॅसेटी व्हिएन्नाहून येणारे ट्रकवाले आणायचे, त्यामुळं सगळं जर्मनमध्ये, आणि जर्मन आमच्याकडं कुणाच्या बापाला येत होतं? भावोजींना ऑस्ट्रियाच्या बोटींवरच्या खलाशांमुळं थोडं येई: आकडे, दोर, नांगर, रामराम आणि भरपूर शिव्या. एवढ्या भांडवलावर ते माइक घेऊन टीव्हीशेजारी बसले आणि सगळ्या पात्रांचं बोलणं एकट्यानं सांगू लागले.

हिरो, हिरॉइन, पाद्री, चेटकीण, सगळ्यांना एकच आवाज. तोही सपाट, बंदरात मालगाडीच्या डब्यांचे नंबर पुकारतात तसा. "ती म्हणते, मला सोडून जाऊ नकोस," हे वाक्य ते असं म्हणत, जणू गहू उतरवायचाय. आणि हॉलमध्ये बायाबापड्या रुमाल नाही तर बाही डोळ्यांना लावत. मी एकदा म्हटलं, "भावोजी, जरा रडून सांगा की." तर म्हणाले, "मीच रडलो तर लोकांनी काय करायचं? सांगणाऱ्यानं कोरडं राहावं."

जे कळायचं नाही ते चेहरा बघून ठोकून द्यायचे. मारामारीत सोपं जाई, तिथं बोलायला वेळ कुणाला असतो? भुताच्या पिक्चरात लोक कुजबुजतात फार, तिथं त्यांची खरी कसोटी लागे.

रुमेना दर शुक्रवारी पहिल्या रांगेत असायची. भयंकर भित्री. पिक्चर सुरू झाला की डोक्यावरचा रुमाल डोळ्यांवर ओढून घ्यायची तो शेवटची पाटी येईपर्यंत. "पैसे फुकट घालवतेस," मी म्हणायचे. ती म्हणायची, "मला बघायचाय कुठं? मला ह्याला ऐकायचंय." घरी दिवसभर तोच आवाज ऐकून हिचं पोट भरत नव्हतं, याचं मला नवल वाटे. थोडा हेवाही वाटे, खोटं कशाला बोलू.

गावाचा सगळ्यात लाडका पिक्चर दीपगृहाचा. दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी वादळात घरी एकटी. समुद्रातून काहीतरी वर येतं आणि बापाच्या आवाजात दाराबाहेरून हाका मारतं: दार उघड, बाळ, मी भिजलोय. खरा बाप तेव्हा घराच्या तळघरात, तोंडात बोळा कोंबलेला, बांधून पडलेला. मुलगी कडीला हात घालते आणि त्याच वेळी जमिनीखालून बाप म्हणतो, "मी इथं आहे. दार उघडू नकोस." हे वाक्य आलं की हॉलमध्ये खुर्चीसुद्धा कुरकुरत नसे. लोकांच्या तोंडी बसलं होतं ते. बायका पोरांना घरात ठेवून बाजारात जाताना तेच बजावायच्या.

पुढं हॉल बंद पडला. नंतर कधीतरी कुठल्याशा वाहिनीवर हाच पिक्चर लागला, शिकल्यासवरल्या भाषांतरासकट. सगळं लोम टीव्हीसमोर. रुमेना तेवढी मागच्या अंगणात मिरच्या भाजत बसली. नवऱ्याचा आवाज नाही तर तिला त्यात काय रस? आणि त्या प्रसंगात बाप काही बोललाच नाही. दुसऱ्या दिवशी गाव खवळलं. पाववाल्यानं थेट राजधानीत फोन लावला, बापाचं वाक्य का कापलं म्हणून. "आणि त्याच्या जागी कसली सुतारकामाची ठोकाठोक घातलीये," असंही सुनावलं. आजही तो तेच म्हणतो.

मी भावोजींना गाठलं. हॉलच्या दारात उभी राहून मी तो प्रसंग इतक्यांदा पाहिला होता, बापाच्या तोंडातला बोळा मला ठाऊक होता.

"तोंडात बोळा असलेला माणूस बोलेल कसा, भावोजी?"

"अगं, हॉलमध्ये एवढी माणसं श्वास धरून बसलेली. कुणीतरी काहीतरी बोलायला नको?"

भुताच्या पिक्चरबद्दल त्यांचं मुख्य मत त्यांनी तेव्हाच मला सांगितलं. भुतं खोटी असली तरी चालतात, घरातली माणसं खरी हवीत. घरातलं माणूस खोटं निघालं की घाबरायला उरतंच काय?

मग गेल्या वर्षी त्यांचा घसा बसला. आधी सर्दी म्हणाले, मग सिगारेट, मग डॅन्यूबवरचं धुकं. शेवटी मी आणि रुमेनानं त्यांना अक्षरशः ओढत राजधानीत, सोफियाला नेलं. डॉक्टरीण तरुण होती पण स्पष्ट बोलली. गाठ स्वरयंत्रातच आहे. स्वरयंत्र काढावं लागेल, श्वास गळ्याला केलेल्या छिद्रातून घ्यायचा. लवकर केलं तर आशा आहे, थांबलात तर मी काही सांगू शकत नाही.

"आणि बोलणं?" भावोजींनी विचारलं.

"एक यंत्र मिळतं. गळ्याला टेकवायचं. घरघर येते, पण समोरच्याला कळतं."

"यंत्रमानवाच्या पिक्चरात शोभेल," ते म्हणाले आणि उठले.

घरी आल्यावर त्यांनी जाहीर करून टाकलं की ऑपरेशन करायचं नाही. "दुसरा भाग कधीच पाहण्यासारखा नसतो. पहिला जिथं संपतो तिथं उठून जावं."

रुमेना तेव्हापासून बाजारात लांबच्या गल्लीनं जाऊ लागली. जवळच्या रस्त्यावर विजेचे खांब आहेत आणि खांबांवर वारलेल्यांची पत्रकं, फोटोसकट. आमच्याकडं माणूस गेला की खांबावर येतोच. भावोजींचं त्यावरही मत होतं. "पिक्चरात आधी उर्मट मरतो, मग चावट, मग शहाणा. आपल्या खांबावर काही क्रमच नाही." एके दिवशी त्यांनी मला एक जुना फोटो दाखवला. माइक हातात, केस काळे. खांबासाठी हाच बरा दिसेल का, म्हणून विचारत होते. रुमेना मागून कधी आली कळलं नाही. तिनं फोटो हातातून काढून घेतला, चुलीचं झाकण उचललं आणि आत टाकला.

त्या दिवशी मी भांडले. "तुम्हाला मरायचं तर खुशाल मरा. पण ताईला असं रोज थोडं थोडं का मारताय?"

त्यांनी चुलीचं झाकण नीट बसवलं. मग त्या फाटक्या आवाजात म्हणाले, "तेमेनुगा, क्रेन गेली. हॉल गेला. तुझ्या बहिणीला मी बोलून पटवली होती, थोबाड तर तू बघतेसच. आता बोलणंही काढून बरणीत घातलं, तर तिच्या घरात एक कपाट वाढेल, बाकी काय? कपाटापाशी कुणी किती दिवस बसतं?"

माझा राग गेला आणि नुसती भीती राहिली.

त्यानंतरच्या रविवारी मी जेवायला त्यांच्याकडं होते. घेवड्याचं सार झालं, आणि भावोजींनी दीपगृहाची जुनी कॅसेट काढली. रुमेना शेजारी येऊन बसली. पण रुमाल डोळ्यांवर ओढला नाही.

"आज बघणार तू?" मी विचारलं.

"ह्याचं अर्धं ऐकूच येत नाही आता. बघितल्याशिवाय कळायचं कसं?"

भावोजी सांगत होते, पण शब्द चाळणीतून पडल्यासारखे सुटे सुटे येत होते. रुमेना खुर्चीच्या कडेला बसून, ती कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बघत होती. वादळ आलं. बाहेरून हाका सुरू झाल्या. "दार उघड, बाळ," भावोजींनी कसंबसं सांगितलं. मुलगी कडीपाशी गेली. मग पडद्यावर तळघर दिसलं. भावोजींनी तोंड उघडलं, आणि नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. खोकला आला, मानेच्या शिरा फुगल्या, शब्द काही फुटला नाही.

आणि त्या शांततेत टीव्हीतून आवाज आला. ठक. ठक.

"हे काय वाजतंय?" रुमेनानं विचारलं.

भावोजी पाणी प्यायले. "बाप," ते कुजबुजले. "टाच आपटतोय."

"मग तो बोलत का नाही?"

"तोंडात बोळा आहे त्याच्या. तो कधीच बोलला नव्हता, रुमेना. ते माझं होतं. माझ्या बोलण्याखाली हे ठोकणं कुणाला ऐकूच आलं नाही."

पडद्यावर मुलीनं कडीवरचा हात काढला. ती जमिनीवर बसली, फळीला कान लावला, आणि मुठीनं दोनदा वाजवलं. बाहेरचा बापाच्याच आवाजात गयावया करत राहिला. तिनं ढुंकून पाहिलं नाही.

रुमेनानं उठून टीव्ही बंद केला. माझी बहीण गरीब गाय आहे असं सगळं लोम समजतं. मीही समजत होते.

"म्हणजे बोलतोय तो राक्षस," ती म्हणाली.

"हो."

"बापाच्या आवाजात."

"हो."

"आणि बाप गप्प आहे. तरी त्या एवढ्याशा पोरीला कळलं की आपला माणूस कोणता."

"पिक्चर आहे तो, रुमेना."

"घरातली माणसं खरी हवीत, असं तूच सांगत फिरतोस ना गावभर? मग सांग मला, ही पोर खरी आहे की खोटी?"

भावोजी बंद टीव्हीकडं बघत राहिले. तिचा आवाज चढला. "तिला दोन ठोक्यांत कळतं, आणि मला कळणार नाही? एवढी वर्षं तुझ्यासोबत काढून? इतकी मठ्ठ बायको केलीस तू? मी कपाटापाशी बसेन असं वाटतं तुला?"

म्हणजे तिनं तेही ऐकलं होतं. भावोजींनी माझ्याकडं पाहिलं. मी उरलेल्या सारात पाव बुडवायला घेतला, थंड झालं होतं तरी.

"खरी आहे," ते शेवटी म्हणाले. "पोर खरी आहे."

"मग उद्याच्या गाडीनं सोफिया."

डॉक्टरीण रागावली नाही, पण खूशही दिसली नाही. यायला उशीर केलात म्हणाली. गाठ पसरली आहे, कुठवर ते आत गेल्यावरच दिसेल. ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचर लिफ्टपाशी थांबलं तेव्हा आम्ही दोघी बाजूला होतो. रुमेना त्यांच्या तोंडाकडं बघत होती. त्यांनाही काहीतरी बोलायचं होतं, दिसत होतं. मग लिफ्टचं दार उघडलं आणि ते म्हणाले, "हॉस्पिटलच्या पिक्चरात लिफ्टमध्ये नेहमी कुणीतरी आधीच उभं असतं." आत कुणी नव्हतं. दार लागलं.

"आयुष्यभर बडबडला," रुमेना परतीच्या गाडीत रडत म्हणाली, "आणि शेवटचं वाक्य काय, तर लिफ्ट."

वॉर्डात राहायला कुणाला परवानगी नव्हती. आम्ही लोमला परतलो. फोनवर एवढंच कळलं की काढता येण्यासारखं होतं ते काढलं, बाकीचं तपासणीनंतर. रुमेना फोनशेजारून हलेना. मी स्वयंपाक करत होते आणि तो कुणी खात नव्हतं.

एका सकाळी फोन वाजला तेव्हा ती न्हाणीघरात होती. मी उचलला. पलीकडं कुणी बोलेना. नुसता श्वास, तोही विचित्र, भोकातून वारा शिरावा तसा. माझ्या अंगावर काटा आला. एवढे भुताचे पिक्चर दारात उभी राहून पाहिले, पण असं कधी झालं नव्हतं. मी फोन ठेवणारच होते, तेवढ्यात रुमेना ओल्या केसांनी धावत आली आणि तिनं तो माझ्या हातातून ओढून घेतला.

पलीकडून फोनवर बोट वाजलं. ठक. ठक.

रुमेना तिथंच जमिनीवर बसली. तिनंही फोनवर नखानं दोनदा वाजवलं. मग माझ्याकडं बघून, हुंदके देत म्हणाली, "तो म्हणतो, मी इथं आहे."

लगेच पलीकडून ठोकाठोक सुरू झाली, भराभर, चिडल्यासारखी.

"आता काय म्हणतात?" मी विचारलं.

रुमेनानं ऐकलं. रुमालानं नाक पुसलं, डोळे पुसले. "म्हणतो, रडून सांगू नकोस, कोरडं सांग."

आणि बंदरात डब्यांचे नंबर पुकारतात त्या सपाट आवाजात तिनं ते पुन्हा सांगितलं.