डाव्या कोपऱ्यातलं गवत

फुटबॉल संघ का हरतोय हे शहरात सगळ्यांना ठाऊक होतं. केस कापणाऱ्याच्या मते कर्णधाराचं लग्न झाल्यापासून त्याचं खेळातलं लक्ष उडालं होतं. दातांच्या डॉक्टरांच्या मते संघाला मधली फळीच नव्हती, आणि हे मत ते तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसाला ऐकवत असल्यामुळे त्यावर कधी वाद झाला नाही. वर्तमानपत्रातल्या समीक्षकाने 'मानसिकता' या शब्दावर अर्धा हंगाम काढला होता. गवतकाकांना मात्र कोणी विचारलं नाही. तशी त्यांना काही विचारण्याची पद्धतच नव्हती.

गवतकाका मैदान राखत. एकतीस वर्षं. त्यांना माळी म्हटलेलं खपत नसे. माळी फुलं लावतो आणि लोक ती बघतात, आपण गवत लावतो आणि लोक ते तुडवतात, असा त्यांचा हिशेब होता. मान सदैव खाली. त्यामुळे खेळाडूंचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, पण बुटांच्या खिळ्यांचे ठसे बघून ते माणूस ओळखत. मोठ्या रकमेला आणलेला परदेशी गोलकीपर त्यांच्या लेखी 'उजवा पाय ओढणारा' होता. 'गवतकाका' हे नाव खेळाडूंनीच ठेवलेलं. फक्त एक खेळाडू त्यांना मामा म्हणे, कारण ते त्याचे मामा होते.

हा भाचा संघात डावीकडचा बचावपटू. मामाच्या वशिल्याने लागला असं लोक म्हणत. त्या क्लबमध्ये मामाच्या शब्दाने पाण्याचा नवा पाइपसुद्धा येत नसे, पण लोकांना हे कुठून माहीत असणार? काकांनी लग्न केलं नव्हतं. थोरली बहीण, म्हणजे ताई, नवरा गेल्यावर मुलाला घेऊन त्यांच्या दोन खोल्यांत राहायला आली, तेव्हा भाचा नऊ वर्षांचा होता. आता तेहतीसचा झाला होता, म्हणजे त्याच्या धंद्यात पन्नाशीचा.

दोन वर्षांपूर्वी क्लबने नवा स्टँड बांधला. नकाशा भिंतीवर लागला त्या दिवशी काका अध्यक्षांच्या खोलीत गेले.

"साहेब, ऊन याच बाजूने येतं. छप्पर इतकं पुढे आलं तर डाव्या कोपऱ्याला थंडीभर ऊनच नाही मिळणार."

"अहो काका, मग प्रेक्षकांनी काय पावसात भिजायचं?"

"तसं नाही, पण गवत..."

"गवत तिकीट काढतं का?" अध्यक्ष म्हणाले. खोलीतले सगळे हसले. काकाही हसले, कारण उभं राहून दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

छप्पर झालं. पहिल्या थंडीत कोपरा पिवळा पडला, दुसऱ्या थंडीत विरळ झाला. त्यातच हा हंगाम. पहिल्या कोचला गवत बावीस मिलिमीटर हवं होतं, चेंडू सरसर पळावा म्हणून. संघ ओळीने सहा सामने हरला आणि कोच गेला. दुसऱ्याला तीस हवं होतं; चेंडू थांबला तर खेळाडूंना विचार करायला वेळ मिळतो, असं त्याचं म्हणणं. खेळाडूंनी विचार केला आणि हरले. तिसऱ्याने पंचवीस सांगितलं. हा समंजस माणूस होता. एका कोचची सवय व्हायला गवताला तीन आठवडे लागतात, आणि तेवढ्यात पुढचा येऊन उभा राही. सावलीतल्या कोपऱ्याला ते काही जमलं नाही. तिथलं गवत मेलं.

संघ सगळा डावीकडून खेळणारा. भाचा चेंडू अडवायचा आणि पुढे लांब फेकायचा, बाकीचे त्यावर पळायचे. आता चेंडू मारण्याआधी त्याला खाली बघावं लागे, की इथे जमीन आहे की खड्डा. त्या अर्ध्या क्षणात समोरचा माणूस अंगावर आलेला असे. बाहेरच्या संघांना हे दोन महिन्यांत कळलं आणि ते त्याच कोपऱ्यातून घुसू लागले. समीक्षकाने लिहिलं की भाच्याचा आत्मविश्वास हरवला आहे.

टीव्हीवर कोपरा तपकिरी दिसतो, अशी अध्यक्षांची तक्रार आली. तेव्हा काकांना हिरव्या रंगाचे डबे देण्यात आले. फवारणीचा पंप पाठीला लावून ते मातीला रंग देत. त्यानंतर टीव्हीवर मैदानाचा सगळ्यात हिरवागार भाग म्हणजे तो कोपरा.

दर सामन्याआधी एका छापील कागदावर काकांची सही लागे : 'मैदान खेळण्यास योग्य आहे.' सही नाही तर सामना नाही, आणि गुण पाहुण्या संघाला, असा लीगचा नियम. त्यानंतर पंच येऊन चेंडू दोनदा आपटून बघत, तेही मैदानाच्या मधोमध, जिथे भरपूर ऊन होतं.

शेवटचा सामना घरच्या मैदानावर आला. बरोबरी झाली तरी संघ वरच्या गटात टिकणार होता. पण काकांच्या घरात वेगळाच आकडा चालू होता. भाच्याच्या करारात एक कलम होतं : हंगामात वीस सामने खेळला, तर संघ कुठल्याही गटात असो, करार आपोआप दोन वर्षं वाढेल. एकोणीस झाले होते.

सामन्याच्या दोन दिवस आधी काकांनी त्या कोपऱ्यात लोखंडी सळई खुपसून बघितली. मुळं नव्हतीच. वरचा थर सतरंजीसारखा हाताने उचलता येत होता. संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी ते सांगितलं.

"एकोणीस झाले ना?" ताई कांदा चिरता चिरता म्हणाली. "मग एकच तर राहिला."

"ताई, तिथे पाय सरकेल त्याचा."

"मी तिथे उभाच राहणार नाही, मामा," भाचा म्हणाला.

"तू डावा बॅक आहेस. दुसरीकडे कुठे उभा राहशील? तिकिटाच्या खिडकीवर?"

"मग अलगद उभा राहीन."

"ऐंशी किलोचा अलगद!"

ताईने सुरी खाली ठेवली. "हे बघ, दोन वर्षं मिळाली तर काहीतरी शिकेल तरी. नाहीतर येतं काय त्याला? परवा अंडं उकडायला ठेवलं आणि भांडं जाळलं."

"आई, फोन आला होता."

"अंड्याला?"

भाचा हसला. मग काकांकडे बघून हळूच म्हणाला, "मामा, सही कर. बाकी मी बघतो."

शनिवारी सकाळी काकांनी कोपऱ्यात रंग मारला, वाळायला वेळ दिला आणि सही केली.

ऐंशी मिनिटं गोल झाला नाही. एक्याऐंशीव्या मिनिटाला डाव्या कोपऱ्यात चेंडू भाच्याकडे आला. समोर कोणी नव्हतं. त्याने तो आपल्याच गोलकीपरकडे मागे टोलवला. टोलवताना टेकलेल्या पायाखालची सतरंजी सरकली, चेंडू हवा तिथे न जाता गोलकीपरच्या ओढणाऱ्या पायाजवळून जाळ्यात गेला. सामना तिथेच संपला. उरलेली नऊ मिनिटं नियम म्हणून खेळली गेली. सत्तावीस वर्षांनी संघ खालच्या गटात घसरला.

ते दृश्य टीव्हीवर आठवडाभर दाखवत होते. इतक्या देखण्या हिरवळीवर असा पास चुकतोच कसा, असं निवेदक प्रत्येक वेळी नव्याने आश्चर्य करी. बेकरीवाल्याने भाच्याला पाव द्यायचं नाकारलं. घरासमोरच्या भिंतीवर कोणीतरी त्याच्या नावाने जे लिहिलं, ते ताईने दोनदा घासलं तरी वाचता येत होतं.

"लिहू देत," ताई म्हणाली. "वीस झाले. दोन महिन्यांत विसरतील सगळे."

भाचा बाहेर पडेनासा झाला. खुर्चीत बसून तो एकच गोष्ट बोले. "मामा, रोज बघतो ना मी खाली? त्या दिवशीच बघितलं नाही. कोणी समोर नव्हतं म्हणून बघितलं नाही."

काकांनी हे तीन दिवस ऐकलं. चौथ्या दिवशी त्यांनी एका कागदावर आपल्या अक्षरात लिहिलं की कोपऱ्यातली जमीन मेलेली होती, तिला रंग मारला होता, हे ठाऊक असून आपण त्या सामन्यासाठी खोटी सही केली, आणि त्या गोलात पोराची काडीचीही चूक नाही. घरी कोणाला न सांगता कागद घेऊन ते क्लबच्या सेक्रेटरींकडे गेले.

सेक्रेटरींनी कागद दोनदा वाचला. मग एकतीस वर्षांत प्रथमच त्यांना बसा म्हटलं, चहा मागवला, आणि चहाबरोबर खेळाडूंच्या करारांची फाइलही मागवली. थोड्या वेळाने अध्यक्ष स्वतः आले. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, असं खरं बोलायला छाती लागते. हे लीगकडे गेलंच पाहिजे."

"म्हणजे पोराचं नाव साफ होईल ना, साहेब?"

"अगदी साफ."

पुढचे नऊ दिवस काकांचे बरे गेले. ते जरा मान वर करून चालत, असंही कोणी कोणी सांगतं.

दहाव्या दिवशी लीगचा निर्णय आला. मैदान अयोग्य असल्यामुळे सामना रद्द, गुण पाहुण्या संघाला. ते तसेही त्यांचेच होते, त्यामुळे संघाच्या घसरणीत काही फरक पडला नाही. रद्द सामन्यातले गोल नोंदीतून काढून टाकण्यात आले. भाच्याचा तो गोलही पुसला गेला; अध्यक्षांनी शब्द पाळला. सामना झालाच नव्हता, तेव्हा भाचा खेळलेले सामने झाले एकोणीस. सोबत क्लबचं तीन ओळींचं पत्र होतं, की करार वाढवण्याची अट पूर्ण न झाल्याने पुढील वाटचालीस शुभेच्छा. काकांसाठी वेगळं पत्र होतं, त्यात शुभेच्छा नव्हत्या.

क्लबच्या वार्षिक अहवालात निराशाजनक हंगामाचं कारण एका वाक्यात दिलं गेलं : मैदानाच्या देखभालीतील हलगर्जी. सगळ्या पराभवांचं ते एकमेव कारण सगळ्यांना पटलं. तिसऱ्या कोचला मुदतवाढ मिळाली. समीक्षकाने लिहिलं की आपण हे पहिल्यापासून सांगत होतो.

पत्र आलं त्या दिवशी ताईने एवढंच विचारलं, "तुला कोणी सांगितलं होतं का लिहून द्यायला?"

"नाही."

"मला विचारायचंस तरी."

भाचा पत्राची घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घालत होता.

"मामा," तो म्हणाला, "चूक माझी होती तेव्हा बरं चाललं होतं. लोक दगड मारत होते, पण मी ती भरून काढली असती. दोन वर्षं होती हातात."

"पण चूक तुझी नव्हतीच रे."

"हो ना," भाचा म्हणाला. "आता काय करू तिचं?"

हल्ली तो पार्सलच्या गोदामात खोकी उचलतो. पत्ते वाचून खोकी लावायची, काम अवघड नाही. लीगच्या नोंदी लोक वाचत नाहीत; खोकं घ्यायला आलेला चारातला एक माणूस तरी त्याच्याकडे निरखून बघतो आणि विचारतो, "तूच ना रे तो, डाव्या बाजूचा?" पहिले काही दिवस तो समजावून सांगत असे, की तो सामना रद्द झाला आहे. आता हो म्हणतो आणि सही घेतो.

काका घरीच असतात. मैदानावर आता प्लास्टिकची हिरवळ आहे. तिला ऊन लागत नाही आणि माणूसही लागत नाही. ताई रात्रीचं जेवण तिघांचं करते, तिघांचं वाढते, पण भावाशी बोलत नाही. काही विचारायचं असलं तर मुलाला सांगते.

"त्याला विचार, मीठ बरोबर आहे का."

"मामा, मीठ बरोबर आहे का?"

"बरोबर आहे," काका सांगतात, आणि समोर वाढलेलं खातात.