मचाणाकडे ओढणारी गाडी

नवरा, संतोष, गेला त्यानंतर काही महिन्यांनी उज्वलाने त्याची रिमोटची गाडी चालवायला घेतली, तेव्हा सिडकोतल्या तिच्या शिलाईच्या दुकानात येणाऱ्या बायकांना ते विचित्रच वाटलं. उज्वला कुणाला समजवायला गेली नाही. खरं तर संतोष होता तेव्हा तिला ह्या गाड्यांचा रागच यायचा. रविवार उजाडला की तो आणि भिकन निफाडच्या बाजूला निघून जायचे. भिकन अंबडच्या कारखान्यात त्याच्या शेजारच्या मशीनवर काम करायचा. ओळखीतल्या एका बागायतदाराने द्राक्षाची जुनी बाग तोडली होती. त्या मोकळ्या रानात हौशी लोकांनी माती चोपून शर्यतीचा ट्रॅक केला होता आणि कडेला लोखंडी पाइपांचं मचाण उभारलं होतं. मचाणावर उभं राहायचं आणि रिमोटने हातभर लांबीच्या बग्या पळवायच्या.

दोघांचा वाद एकच. बगीची चासी, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो तळाचा पत्रा, कार्बन फायबरचा हवा की अॅलॉयचा. भिकन कार्बनवाला. हलका, ताठ, वाकायचं नाव नाही. संतोष म्हणायचा, दगडावर आपटला की त्याचे थर सुटतात आणि मग तो कामातून जातो. अॅलॉय जड खरा, पण मार खातो, वाकतो आणि कुठे लागलं ते दाखवतो.

एका रविवारी सकाळी, शर्यत रंगात आलेली असताना, संतोष मचाणावर उभ्या उभ्या कोसळला. रिमोट त्याच्या अंगाखाली दाबला गेला आणि बगी सुसाट जाऊन बांधाच्या दगडावर आदळली. खाली पडायच्या आधीच सगळं संपलं असावं, असं डॉक्टर म्हणाले. बगी भिकननेच घरी आणून दिली. तिच्या अॅलॉयच्या चासीचं नाक एका बाजूला वळलं होतं.

मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी दुकान बंद करून आलं की घर गप्प. उज्वलाच्या मनात एकच घोळत राहायचं, की शेवटच्या क्षणी त्याला समोर काय दिसत होतं? तेवढंच बघायला म्हणून ती भिकनबरोबर ट्रॅकवर गेली आणि मचाणावर चढून त्याच्याच जागी उभी राहिली. समोर लाल माती होती, पलीकडे उसाचं रान. भिकनने संतोषची ती नाक वळलेली बगी ट्रॅकवर ठेवली आणि उज्वलाच्या हातात रिमोट दिला.

बगी सरळ पट्ट्यावर आली आणि हळूहळू डावीकडे, मचाणाकडे, वळायला लागली. तिच्याकडे. उज्वलाला रिमोट खाली ठेववेना. पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली. मग जातच राहिली. दर फेरीला सरळ पट्ट्यावर बगी तिच्याकडे ओढायची आणि ती रिमोटवरचं चाक उजवीकडे धरून तिला परत वाटेवर आणायची. घरी मशीनवर बसली तरी तिला वाटायचं, कुणीतरी कापड डाव्या अंगाने हलकेच ओढतंय.

तिची रया गेलेली भिकनला दिसत होती. एकदा तो म्हणाला, "वहिनी, चासी वाकलीय म्हणून ओढते ती. दुसरं काही नाही त्यात." आणि त्याने स्वतः कार्बनची चासी कापून आणली. कडा पाण्याखाली घासल्या, थर सुटू नयेत म्हणून त्यांना पातळ गोंद भरला. काळ्या भुकटीने दिवसभर त्याचे हात खाजत होते. काचेवर ठेवून त्याने ती उज्वलाला दाखवली. चारही कोपरे काचेला टेकले होते, कुठेच वाक नव्हता. चाकांचे दांडे, स्प्रिंगा, सगळं त्याने नवं बसवलं.

आधी भिकनने बगी चालवली. सरळ पट्ट्यावर ती सुतासारखी गेली. उज्वलाला हायसं वाटलं. पण त्याच वेळी, आता ओढणारं कुणी नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

मग तिने रिमोट घेतला. बगी सरळ पट्ट्यावर आली आणि हळूहळू डावीकडे वळली.

भिकनने बगी उचलून उलटी केली, पुन्हा काचेवर ठेवली, रिमोट तपासला. कशातच काही नव्हतं. त्याच्या हातात सरळ जाणारी गाडी तिच्या हातात मचाणाकडे येत होती. "तुमचा हात वळतोय, वहिनी," तो अखेर म्हणाला, पण तिच्याकडे न बघता. उज्वलाने आपल्या हातांकडे पाहिलं. आयुष्यभर ह्या हातांनी सरळ शिलाई घातली होती.

त्या रविवारी घरी आल्यावर तिने स्वतः पाना घेऊन कार्बनची चासी काढली आणि जुनी अॅलॉयची परत बसवली. भिकनला कळलं तेव्हा तो म्हणाला, निदान कारखान्यात प्रेसखाली घालून सरळ तरी करून देतो.

"नको, भाऊ," उज्वला म्हणाली. "ही वाकलीय म्हणून ओढते. मला एवढं कारण पुरे आहे."

उज्वला अजून शर्यतीला जाते. नंबर येत नाही, पण फेऱ्या पुऱ्या करते. तिची बगी सरळ पट्ट्यावर आली की बाकीचे आपापल्या गाड्या उजव्या कडेला घेतात, तिला कुणी काही विचारत नाही. कार्बनची चासी भिकन स्वतःच्या बगीला लावायची म्हणून घेऊन गेला. ती त्याने अजून लावलेली नाही.