तो येईपर्यंतची खोली

युद्धाच्या काळात जबलपुरात भाड्याची खोली मिळवणं किती कठीण होतं, ते आज सांगून पटायचं नाही. कारखान्यांत दिवसरात्र काम चाले, त्यासाठी कुठून कुठून माणसं येऊन पडलेली. माझी बदली अमरावतीहून इथे झाली ती नेमकी त्याच वेळी. मी कचेरीत साधा कारकून, आणि बायकोला सातवा महिना लागलेला. स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत उतरलो, तर तिथला मुनीम रोज सकाळी दारात येऊन विचारी, "बाबूजी, आज जा रहे हैं न?"

कचेरी सुटली की मी गल्ल्या पालथ्या घालायचो. नेपियर टाउनातली घरं माझ्या पगाराला झेपत नव्हती. घमापुरात एक खोली परवडली असती, पण बाळंतपण इथेच होणार म्हटल्यावर घरमालकाने हात जोडले. गढ्याकडे एक पाहिली. घरी विचारून सांगतो म्हणालो आणि सकाळी गेलो, तो तिथे कारखान्यातल्या माणसांच्या वळकट्या पडलेल्या.

शेवटी कचेरीतल्या एका सहकाऱ्याने मिलौनीगंजातल्या एका विधवा बाईंचं घर सांगितलं. भोसल्यांच्या चाकरीत त्यांचे पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. आंगणापलीकडची खोली कोरडी, उजेडाची होती, आणि भाडं इतकं कमी की मी दोनदा विचारून खात्री केली.

"माझ्या लेकाचा कमरा आहे हा," बाई म्हणाल्या. "फौजेत गेला. सिंगापूर पडलं तेव्हापासून पत्ता नाही. एकटीला घर खायला उठते, म्हणून देऊन राहिली. पण एक शर्त आहे भैया. तो आला की कमरा खाली करायचा, त्याच दिवशी. मग मी कोणाचंच ऐकणार नाही."

बाहेर पडताच सहकारी हळूच म्हणाला, "घेऊन टाका. आता कुठला येतो तो!"

आम्ही राहायला गेलो. त्याच खोलीत मुलगी झाली. दाईला बोलावणं, शेक, डिंकाचे लाडू, सगळं बाईंनी केलं. बायको त्यांना मावशी म्हणू लागली. पोर रडली की त्या स्वयंपाक टाकून धावत यायच्या. पण पोस्टमन गल्लीत शिरला की दोघीही हातातलं काम थांबवून दाराकडे बघत. तो पुढे निघून गेला की बाई आत जात. बायको पाळण्याची दोरी धरून बसलेली असे.

एकदा ग्वारीघाटावर नर्मदेत दिवा सोडताना ती थबकली. मला म्हणाली, "तो आला नाही तर मावशी झुरून जातील. आला तर आपण एवढ्याशा पोरीला घेऊन कुठे जायचं? मी मागू तरी काय, सांगा ना." दिवा तिने तसाच पाण्यावर ठेवला.

युद्ध संपलं आणि पावसाळ्याच्या शेवटी तार आली. तो जिवंत होता. कैदेतून सुटून कलकत्त्याच्या इस्पितळात होता. बाईंनी गल्लीभर साखर वाटली. मी मात्र कचेरीत रजा टाकून पुन्हा गल्ल्या पालथ्या घालू लागलो. गढ्याच्या टोकाला, तळ्याकाठी एक खोली मिळाली. तिच्या भिंतींना हात लावला तर ओला होई.

तो आला त्या दिवशी बायकोनेच त्याला ओवाळलं. टांग्यातून उतरला तो पोरगा नव्हता, हाडांवर कातडं घातलेलं कोणी होतं. आमची बोचकी दाराशी पाहून तो म्हणाला, "यांना काहून घालवते आई? राहू दे ना."

"शर्त झाली होती," बाई म्हणाल्या. पोरीला कुशीत घेऊन त्यांनी तिचे गाल कुरवाळले, ओक्साबोक्शी रडल्या, आणि तिला बायकोच्या हातात परत दिलं. आम्ही त्याच टांग्याने निघालो.

गढ्याच्या ओलीत पोरीला खोकला धरला, मग ताप. बायको रात्र रात्र तिला छातीशी घेऊन बसे. महिनाभराने मी बाईंकडे गेलो. पुन्हा खोली मागावी असं मनात होतंच. लेक बाहेर परछीत, उघड्या ओसरीवर, बाजेवर पडला होता. आंगणापलीकडची खोली उघडी होती, पलंगावर स्वच्छ चादर, आत कोणी नाही.

"आत झोपतच नाही तो," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "दार लावलं की ओरडते. मी इथेच खाली पडून राहते, त्याच्याजवळ."

"मग खोली..." मी म्हणालो.

"नाही भैया. आज नाही तर उद्या जाईल तो आत. तिथे दुसऱ्याचा संसार दिसला, तर त्याला वाटेल आईने आस सोडली होती."

त्यांनी पोरीची तब्येत विचारली, तेव्हा ठीक आहे म्हणालो. तरी त्यांनी बरणीतला मध बाटलीत काढून तिच्यासाठी दिला.

थंडीत कचेरीतल्या एकाची रायपूरला बदली झाली आणि त्याचं कोरडं घर आम्हाला मिळालं. मुलगी हळूहळू सावरली. मिलौनीगंजावरून जाणं झालं की बायको गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबवायला सांगे, थोडा वेळ आत बघे, आणि न उतरताच म्हणे, "चला."