खंडेनवमीचं इन्स्टॉलेशन

त्या खंडेनवमीला मी चाकूरला, सासरी, गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसले होते, कारण मोबाईलला रेंज तिथंच मिळायची. नांदेडला माझी पीएच.डी. चालली होती. उपग्रहाच्या माहितीवरून जमिनीतल्या ओलीचे नकाशे काढून संध्याकाळी पाचपर्यंत सरांना पाठवायचे होते. नाही पाठवले तर परिषदेत माझ्याऐवजी दुसरा विद्यार्थी बोलणार, हे सरांनी बजावून सांगितलं होतं.

नकाशे काढणारं पॅकेज लॅपटॉपमधल्या जुन्या सॉफ्टवेअरशी सारखं भांडायचं, म्हणून त्याच्यासाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट केलं. म्हणजे एकाच लॅपटॉपमध्ये वेगळी चूल. तिथलं सामान इकडच्या सामानात मिसळत नाही. घरात ती मांडायची माझी छाती नव्हती, निदान लॅपटॉपमध्ये तरी मांडली. सकाळपासून तीनदा इन्स्टॉलेशन अर्ध्यावर बोंबललं. चौथ्यांदा सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात खालून आत्याबाईंची, म्हणजे सासूबाईंची, हाक आली, "आंगोळ न करता सणाची काय बसलीस गं वर? ये खाली." सण म्हटल्यावर माझं काही चालत नाही. लॅपटॉप तसाच चालू ठेवून गेले.

केस पुसत परत आले, तर चटईवर लॅपटॉप नव्हता.

खाली देवघरासमोर नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, नटबोल्टचे पाने मांडलेले. मधोमध पाटावर माझा लॅपटॉप, झाकण मिटलेला, वर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. झाकण मिटलं की आतलं काम थांबतं, हे त्या घरात मला एकटीलाच माहीत होतं.

"आत्याबाई, काम चालू होतं त्याच्यात!" मी जवळजवळ ओरडलेच.

"आसू दे. आता उद्या सकाळपस्तोर हात लावायचा न्हाई. अवजारालाबी इसावा लागतोय."

असा संताप आला! उचलावा तर पूजा मोडली म्हणून बोभाटा, न उचलावा तर वर्षभराची मेहनत पाण्यात. नवऱ्याकडे बघितलं, तर तो दाराला तोरण बांधण्यात गुंग. कुणीतरी बाहेरून कडी घातल्यासारखं झालं मला. तरी मी हात पुढे केलाच.

आत्याबाई माझ्याकडे न बघता अक्षता वाहत म्हणाल्या, "चाळीस वर्सं झाली मला ह्या घरात. माजं खुरपं कदी कुणी हितं ठिवलं न्हाई. बाईचं कसलं आलंय अवजार, म्हनायचे. तुजं मातर मी मधी ठिवलं."

मी हात मागे घेतला. राग गेला नाही. फक्त तो कुणावर काढावा ते कळेना. पाच वाजले तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसून झेंडूच्या माळा ओवत होते.

दसऱ्याला सकाळी झाकण उघडलं. इन्स्टॉलेशन अर्ध्यातच बंद पडलेलं. सरांचा निरोप आलेला, दुसऱ्याचं नाव दिलं म्हणून. एन्व्हायर्नमेंट पुसत होते, तर आत्याबाई शेजारी येऊन बसल्या.

"झालं का गं तुजं काम?"

"झालं," मी म्हणाले.

संध्याकाळी सोनं वाटताना त्या घरोघर सांगत होत्या, पूजेनं सुनेचं काम झालं म्हणून. आणि प्रत्येक दारात मी शेजारी उभी राहून मान हलवत होते.