गेरूची रेघ

आमच्या पेडगावात कुणाला नागीण उठली की ते यांच्याकडं यायचे. यांच्याकडं म्हणजे माझ्या मालकांकडं. अंगावर फोडांचा पट्टा उठतो, आगीसारखा जळतो, ती नागीण. तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, असं आम्ही मानायचो. म्हणून हे रविवारी सकाळी पट्ट्याच्या दोन्ही टोकांना ओल्या गेरूची रेघ ओढायचे. घ्यायचे काही नाही, चहासुद्धा नाही.

सहा-सात वर्षांमागं यांनाच उठली, छातीपासून पार पाठीपर्यंत. लेक म्हणाला, परभणीला दवाखान्यात जाऊ. मीच नको म्हटलं. गावाला बरं करणारा माणूस दवाखान्यात दिसला तर लोक काय म्हणतील, याचीच मला पडलेली. हे सांगत गेले आणि रेघ मी ओढली. पंधरा-वीस दिवसांत खपल्या पडल्या. मी लय मिरवलं बघा तेव्हा.

मग हे विसरायला लागले. आधी किल्ली, मग शेताची वाट, मग मी. परवा मला विचारलं, "बाई, तुमी कोणाच्या घरच्या?" म्हटलं, इथल्याच.

परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी मागची सगळी दुखणी विचारली, तेव्हा त्या नागिणीचा विषय निघाला. म्हणाल्या, फोड सुकले तरी तो विषाणू जात नाही, नसांच्या मुळाशी दडून राहतो. अशा विषाणूंचा या विसरण्याच्या आजाराशी संबंध असावा असं काही जाणकारांना वाटतं. पण पक्कं कुणालाच माहीत नाही, वयही असतं, बाकीची कारणंही असतात. मी विचारलं, "तवाच गोळ्या दिल्या असत्या तर?"

त्या म्हणाल्या, "आजी, ते मला सांगता येणार नाही."

नुसतं 'काही फरक पडला नसता' म्हणाल्या असत्या, खोटं का होईना, तरी मला चाललं असतं.

गेल्या रविवारी शेजारची चुलत जाऊ आली, कमरेला हात धरून. गेरू घरूनच वाटीत कालवून आणलेला. फोड कालच उठलेले. मी म्हटलं, आजच्या आज परभणीला जा, गोळ्या लवकर सुरू झालेल्या बऱ्या. ती फणकारली, "साऱ्या गावाला रेघा वढल्या, आन् आमच्याच पाळीला दवाखाना व्हय?" मला बाजूला सारून तिनं वाटी यांच्यापुढं धरली.

यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, फुंकर मारली आणि चहासारखी तोंडाला लावली.

मी वाटी ओढून घेतली.  जाऊ आपणहून माझ्यासोबत फाट्यावर आली. तिला एसटीत बसवून परत आले, तर हे तसेच खाटेवर बसलेले, ओठांवर गेरू वाळलेला.