सहा पोत्यांचा आराम

हसायचं नाही असं आधी कबूल करा, तरच सांगते. कारण मी केलेली चूक साधीसुधी नाही. चार चाकांवर बसवून नागपूरपर्यंत फिरवून आणलेली आहे!

माझी लेक सुजाता नागपूरला दिलेली. सातवा महिना सरत आलेला, आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे आमच्याकडे ठरलेलंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाडीनं न्या, पण हिसके बसू देऊ नका." रेल्वे आमच्या आमगावला थांबते हो, पण स्टेशनचा तो पूल चढायचा, गर्दीतून डब्यात शिरायचं, सुजाताला त्याचीच धास्ती. मग राहिली कोण? आमची गाडी.

आमची गाडी म्हणजे चौदा वर्षांची. मोठी, उंच, मागे समोरासमोर दोन बाकं असलेली. दिसायला ठणठणीत, पण एका खड्ड्यातून गेली की माणसाचं हाड न् हाड मोजून घ्यायची. अशा गाडीत माझ्या लेकीला बसवू? आमच्या ह्यांनी वाकून पाहिलं. "शॉकअप गेले, पाटे बसले. गोंदियाले जाऊ, नवीन टाकू."

गोंदियाला गुड्डू मिस्त्रीकडे गेलो. साठी उलटलेला माणूस, मिशा पांढऱ्याफेक, पण सगळे त्याला गुड्डूच म्हणतात. त्यानं काय केलं, माहीत आहे? गाडीचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी एकदा दाबला, सोडला, आणि डोळे मिटून नुसतं ऐकलं. वैद्य नाडी बघतो ना, तसं! मग म्हणाला, "डावा पूरा गया. उजवा जाऊन राहिला."

खाली वाकलासुद्धा नाही! मी तर हातच जोडणार होते.

ह्यांना मळणी यंत्राचा पट्टा घ्यायला बाजारात जायचं होतं. जाताना म्हणाले, "तुझ्या पोरीसाठी हाय. तूच सांग त्याले काय पायजे ते."

इथंच, बरं का, इथंच सगळा घोळ झाला.

गुड्डू मिस्त्रीनं माझ्यासमोर माल मांडला. चाकाजवळ बसतात ती नळकांडी, म्हणजे शॉकअप. आणि पोलादाचे वाकवलेले लांब पट्टे एकावर एक रचलेले, ते पाटे. एवढ्याशा लोखंडावर अख्खी गाडी तरंगते! चौदा वर्षं मी त्याच्यावर बसत होते आणि मला पत्ताच नव्हता.

"भाभी, ये चार पाटेवाला, नरम. और ये सात पाटेवाला, लोड का. गाडीत काय काय भरता ते सांगा, उस हिसाब से डालता."

आता विचारणाऱ्याला खरं सांगायला नको? मी सगळं सांगितलं.

"धानाची पोती नेतो मिलवर. दिराचं लोखंडी कपाट आणलं होतं. एकदा आजारी गोऱ्हा नेला दवाखान्यात."

"गोऱ्हा? अंदर?"

"मग काय, टपावर?"

"और हायवे पे?"

"हायवेनं दीक्षाभूमीला गेलो होतो की. चौदा जण होतो. शिवाय भाकरी-भाजीचे डबे."

मिस्त्रीनं कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा कानावर ठेवली. "चौदा," एवढंच म्हणाला. सात पाट्यांच्या चवडीवर हात ठेवला. "मग हेच घ्या. हिच्या बापालाही कळणार नाही वजन."

गाडीत आता एक गर्भार पोरगी बसणार आहे, हे सोडून मी त्याला सगळं सांगितलं होतं! पण तेव्हा कुठं सुचायला? शिवाय तुमच्यापासून काय लपवू, मला सात पाट्यांचंच पटलं होतं. गादी जेवढी जाड तेवढी मऊ. चार थरांपेक्षा सात थरांत आराम जास्त, एवढं तर मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या बाईला कळतंच!

संध्याकाळी आम्ही दोघं आमगावला निघालो. गोंदिया सुटलं, पहिला खड्डा आला, आणि माझं डोकं टपाला लागलं.

दुसऱ्या खड्ड्याला ह्यांचा चष्मा मागच्या बाकावर गेला.

"काऊन व," हे स्टेअरिंगला लटकून म्हणाले, "तू का सांगतलं त्याले?"

"जे खरं होतं ते."

"गाडी बकरीवानी उड्या मारून राहिली न!"

बोलायला तोंड उघडलं असतं तर जीभ चावली गेली असती. सगळ्या वाटेत मला फक्त सुजाता दिसत होती, पोटावर हात ठेवून मागे बसलेली. परवा तर आणायला जायचं होतं! सकाळी मिस्त्रीला फोन लावला, तर तो पुतण्याच्या लग्नाला रायपूरला पोचलेला. चार दिवस दुकानाला कुलूप. आणि दुसऱ्या कोणाला हे गाडीला हात लावू देत नाहीत.

त्याच दुपारी मिलमधून तांदळाची सहा पोती आणायची होती, पन्नास-पन्नास किलोची. रडतखडत तीच गाडी नेली, पोती मागे टाकली आणि निघालो.

काय सांगू! गाडी रस्त्यावरून चाललीच नाही, ती पाण्यावरून गेली. नवेगावच्या तलावात डोंगा सरकतो ना, तशी. खड्डा यायचा, पाटे खाली बसायचे, हळूच वर यायचे, जणू गाडी श्वास घेत होती. मी ह्यांना गाडी थांबवायला लावली, टपरीवरून काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास घेतला आणि तो हातात धरून फाट्यापासून घरापर्यंत आले. एक थेंब सांडला नाही. त्या गुड्डूला मी मनातल्या मनात दंडवत घातला.

"कळलं का तुले?" हे म्हणाले. "तिले वजन पायजे. वजन असलं का राणी, नसलं का बकरी."

मग ठरलं. सहाही पोती उतरवायचीच नाहीत. तशीच नागपूरला न्यायची, तशीच परत आणायची, मधे लेकीला झोपवून. काय बिघडतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी देवरीला हायवेला लागलो तशी गाडी नुसती गुणगुणत निघाली. साकोली गेलं, भंडारा गेलं, मी डोळे भरून रस्ता बघत होते. अकराच्या सुमारास विहीणबाईंच्या बिल्डिंगखाली थांबलो. विहीणबाई म्हणजे माणूस मोठं प्रेमळ, आणि अंगानंही चांगल्या भरदार. जयभीम झाला, गळाभेट झाली. जावई कामावर गेलेले. मी सुजाताला भेटायला वर धावले. पाठीवरून हात फिरवला, पाणी प्याले, खिडकीतून सहज खाली पाहिलं.

विहीणबाईंचे यजमान, वॉचमन आणि आमचे हे, तिघं मिळून चौथं पोतं जिन्यात घेत होते!

मी धाडधाड खाली. विहीणबाई जिन्याच्या तोंडाशी पदर कमरेला खोचून उभ्या. "अव माय, एवढं कायले आणलं हो? सहा पोते! कोणी आणते का लेकीच्या सासरी एवढे?" आणि वरच्या मजल्याकडे मान करून जावांना हाका, "बाहेर या गं! पाहा, आमगावच्या विहीणबाईनं काय आणलं ते! घरचा तांदूळ!"

तुम्हीच सांगा, मी काय बोलणार होते? 'ठेवा ते खाली, ते तुमचं नाही'? लेकीच्या सासरी? दोन्ही जावा कठड्यावरून माना काढून बघत असताना? मी हसले. म्हणाले, "असू द्या हो, घरचंच आहे."

ह्यांना जिन्याखाली गाठलं. "तुम्ही कसं काय उचलू दिलं?"

"व्याही पोत्याले हात लावून राहिले न, मी का ओढू त्याईच्या हातून?"

"आता वजन कुठून आणायचं?"

"रेती पाहू का? नाही तर विटा?"

"लेकीला विटांच्या गाडीत नेऊ?"

तेवढ्यात विहीणबाई सरबताचा ट्रे घेऊन खाली आल्या. एकेका पायरीवर पाय टेकत, सावकाश. मागून त्यांच्या दोन्ही जावा, आणि पोती वाहून घामेजलेले व्याही. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. संसाराला सत्तावीस वर्षं झाली, पण एकमेकांच्या मनातलं इतकं लख्ख आम्हाला कधी कळलं नव्हतं.

"विहीणबाई," मी त्यांचा हात धरला, "सुजाताला सोडायला तुम्ही सगळेच चला ना! दोन दिवस राहा. जावांनाही घ्या. नाही म्हणायचं नाही!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी. "सुनेला माहेरी पाठवताना आम्हाला कोणी असं बोलवलं नव्हतं हो आजवर." अर्ध्या तासात चौघं तयार. मी त्यांना मागच्या बाकांवर बसवलं. आणि समतोल बिघडू नये म्हणून नीट इकडून तिकडे हलवूनही बसवलं, हे तुम्हाला म्हणून सांगते. विहीणबाई एका बाजूला एकट्या, समोर व्याही आणि दोन्ही जावा.

गाडी सुटली, आणि पुन्हा तेच नवल! भंडाऱ्याच्या पुढं सुजाता मधल्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. गाडी डुलत होती, तिचा श्वास संथ चालला होता, पोटावर ठेवलेला तिचा हात वर-खाली होत होता. मला वाटलं, मिस्त्रीचं ते लोखंड आणि मागची ही चार माणसं, सगळ्यांनी मिळून माझ्या लेकीला झोळीत घातलंय.

साकोली आलं. विहीणबाई म्हणाल्या, "इथं माझी बहीण राहते. मी उतरते, उद्या बसनं येते मागून."

"नाही!" मी एवढ्यांदा ओरडले की सुजाता दचकून उठली. पुढं देवरी ते आमगावचा रस्ता होता हो, सगळ्यात खराब! "तुम्ही उतरायचं नाही. तुमच्याशिवाय मी एक किलोमीटर जाणार नाही!"

विहीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला. धाकटी जाऊ हळूच म्हणाली, "अशी विहीण मिळायला नशीब लागते."

ह्यांना एकाएकी जोरात खोकला आला.

घरी पोचलो तेव्हा सुजाता हसत उतरली. "आई, मला तर कळलंच नाही गं कधी आलो ते!" मी भरून पावले. इथंच थांबले असते तर काय बिघडलं असतं?

पण सकाळी चहाला शेजारणी जमल्या, आणि विहीणबाई प्रत्येकीला सांगत सुटल्या, मी किती मायाळू, मी साकोलीला त्यांना कसं उतरू दिलं नाही. तिसऱ्या वेळेला माझ्याच्यानं ऐकवेना. असल्या कौतुकाचा घास गळ्याखाली उतरत नाही हो. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. सात पाटे, बकरी, पोती, वजन, सगळं.

शेजारणी एकदा माझ्याकडे, एकदा विहीणबाईंकडे बघू लागल्या.

"म्हणजे तांदूळ आमच्यासाठी नव्हताच?" विहीणबाई म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

"अव माय!" आणि त्या खदखदून हसायलाच लागल्या. "अहो, आमच्या दोन खोल्यांत सहा पोते ठेवायले जागा कुठं? दार उघडत नव्हतं घराचं! परत न्या म्हणावं तर तुम्हाला वाईट वाटन, म्हणून मी गुपचूप बसली. एक शब्द बोलल्या असत्या, तर चार पोते मीच टाकले असते परत!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. छातीवरचं ओझं उतरलं. लेक घरात सुखरूप, विहीणबाई रागावल्या नाहीत, आणखी काय हवं?

मग त्या डोळे पुसत, लाडानं, मला कोपरानं ढोसत म्हणाल्या, "बरं, मी एकटी किती पोत्यांच्या जागी बसली होती, ते तरी सांगा."

ह्यांनी शेजारणींच्या मागून मला दोन्ही हातांनी 'नको, नको' खुणावलं. पण एवढं सगळं खरं सांगून झाल्यावर आता एकट्या ह्याच गोष्टीत खोटं कशाला बोलायचं?

"पावणेदोन," मी म्हणाले.